गिटारच्या पोटातली खरखर

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या भालकी गावाला ते आधी नाकानं कळतं, पेपरात नंतर येतं. या वर्षीही तसंच झालं. गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि तो वास आला, गोडसर, जरा आंबूस, चुलीवर काहीतरी उतू गेल्यासारखा. हातातली चादर तशीच धरून मी उभी राहिले. शाळेची वेळ झाली होती, खालून अप्पांनी दोनदा हाक मारली होती, तरी उभी राहिले. आता पाचसहा महिने हाच वास. ह्यांच्या शर्टाला, उशीच्या अभ्र्याला, दारातल्या तुळशीलासुद्धा. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत, त्यामुळे आमच्या घरात हंगाम दारातून चालत आत येतो आणि बूट काढून खुर्चीत बसतो.

लोकांना जुन्या वासानं जुनी माणसं आठवतात. मला या वासानं एक खरखर आठवते.

सई, आमची लेक, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, होती तेव्हाचा हंगाम. त्या उन्हाळ्यात माझ्या भावानं, विनायकनं, पुण्याहून येताना तिच्यासाठी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार आणली होती. त्याची बोटं आता लॅपटॉपशिवाय कशावर चालत नाहीत, म्हणून भाचीला दिली. लालबुंद रंगाची, चपटी, आणि उचलायला गेलं तर पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीइतकी जड. सई तिला पोटाशी धरून घरभर फिरली. मग ती अप्पांसमोर नेऊन ठेवली.

अप्पा म्हणजे माझे सासरे. खटकचिंचोळीला आमची शेती, जन्म तिथंच गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते आमच्याजवळ भालकीला राहतात, म्हणजे झोपायला राहतात. सकाळच्या बसनं शेताकडे जातात आणि दुपारच्या बसनं येतात. अप्पा बैलांशी कानडीत बोलतात, पंपाच्या मिस्त्रीशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत. तिन्ही भाषांत मिळून दिवसाला जेवढे शब्द लागतात तेवढेच वापरतात. त्यांनी गिटार उलटी केली, सुलटी केली, बोटानं टकटक करून पाहिली.

"ह्याला कातडं न्हाई, पोट न्हाई. ह्याचा आवाज निघायचा कुठून?"

"विजेवर चालती अप्पा ही," सई म्हणाली.

अप्पांनी "व्हय का" म्हटलं आणि गिटार परत दिली. त्यानंतर कित्येक महिने ते त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. सई वाजवायला बसली, गिटारची वायर स्पीकरच्या पेटीला लावली, की अप्पा उठायचे, काठी घ्यायचे आणि बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. रोज. पोरगी तारा दाबता दाबता दाराकडे बघायची. मला दिसायचं ते. आजोबांनी एकदा रागावलं असतं तर परवडलं असतं, तिनं भांडून घेतलं असतं. उठून जाणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

तरी उन्हाळा, पावसाळा तिनं नेटानं वाजवलं. मोबाईलवर कुणीतरी परदेशी माणूस शिकवायचा. तो जे करायचा ते ही करायची, आणि चुकलं की त्यालाच शिव्या द्यायची. दसऱ्याच्या सुट्टीत गिटार घरीच ठेवून मी आणि सई पुण्याला भावाकडे गेलो. घरी अप्पा आणि हे. हे तरी कुठले घरी, बॉयलर पेटायचा म्हणून कारखान्यातच. सुट्टी संपवून आम्ही परत आलो, सईनं चप्पल काढायच्या आधी गिटार काढली, वायर लावली, तारेवर बोट टेकवलं, आणि पेटीतून असा आवाज आला की मी स्वयंपाकघरातून धावत आले. मला वाटलं फोडणीच पडली कुठंतरी.

खर्रर्र. चट्, चट्. खर्रर्र. मधूनच सूर, आणि सुराच्या अंगावर परत खरखर.

"जायच्या आधी चांगली वाजायची ही," सई रडवेली झाली होती. "आठ दिवसांत काय झालं हिला?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घरातली इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन कुणी मिस्त्रीकडे नेलेलं मला खपत नाही. त्यामुळे मी पदर खोचला. पहिल्यांदा पोरीला सांगितलं, नीट ऐक, इथं दोन आवाज आहेत. एक सारखी चालू असलेली गुणगुण, आणि दुसरी मधूनच येणारी खरखर. दोन्ही एकाच दुखण्याचे आहेत असं धरून बसू नकोस. ताप आणि खोकला एकाच वेळी आला तरी वेगवेगळा तपासावा लागतो. हे मी अगदी वर्गात सांगते तशा थाटात सांगितलं. सईनं डोळे फिरवले.

आधी वायर बदलली. आवाज तोच. मग खोलीतली ट्यूबलाईट बंद केली, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, मोबाईल बाहेर नेऊन ठेवला. गुणगुण थोडी उतरली. गंमत अशी, की सईनं तारांवर हात ठेवला की गुणगुण एकदम गप्प व्हायची आणि हात काढला की पुन्हा सुरू. हे मात्र मला ओळखता आलं. हे अर्थिंगचं काम. आमच्या घराच्या मागं अर्थिंगचा खड्डा आहे, तो पाऊस संपल्यापासून कोरडा ठणठणीत पडला होता. आम्ही त्यात मीठ टाकलं, बादल्यांनी पाणी ओतलं. शेजारच्या शांताक्का कुंपणावरून बघत होत्या.

"काय लावायल्यात गं मायलेकी?"

"गिटार," सई म्हणाली.

शांताक्का मान डोलावून आत गेल्या. आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं की मास्तरीणबाईंनी मागच्या अंगणात गिटार पेरली. ते मीठपाणी लागू पडलं मात्र. गुणगुण गेली. खरखर होती तिथंच होती.

मग थंडी पडली आणि चट् चट् आणखी वाढलं. आमच्याकडची थंडी कोरडी असते, ओठ फुटतात, स्वेटर काढताना केस उभे राहतात, अंधारात पांघरूण झटकलं तर ठिणग्या दिसतात. एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिटारच्या अंगावर पांढऱ्या प्लॅस्टिकची एक पाटी असते आणि सईच्या स्वेटरची बाही तिच्यावर घासायची. केसांत फिरवलेल्या कंगव्यानं कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मी वर्षानुवर्षं पोरांना करून दाखवते, आणि तोच प्रयोग माझ्या घरात चालला होता! मी ओलसर फडक्यानं पाटी पुसली, सईला स्वेटर काढून सुती कुडत्यात थंडीत बसवलं. चट् चट् बरंच कमी झालं. मी इतकी खूश झाले की ह्यांना कारखान्यात फोन लावला. ते म्हणाले, "बरं, जेवायला काय?"

पण खर्रर्र राहिलीच. दोन दिवस दबून असायची आणि तिसऱ्या दिवशी उसळून यायची. वाटेनं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, प्रत्येक ट्रॅक्टरवर एक भोंगा, प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि घरात ही खरखर. सई आता दार लावून बसायची, वाजवायची थोडं आणि थांबायची जास्त. अप्पा तरीही बाहेर जाऊन बसायचेच. बंद दारातूनसुद्धा काठीचा आवाज ऐकू यायचा, टक, टक, टक, कट्ट्यापर्यंत.

वेळ अमावस्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण, जवळ आला होता. एका रविवारी भाजी निवडताना सई शांतपणे म्हणाली, "मामा वेळ अमावस्येला यायलाय न्हवं शेतात? त्याच्या गाडीत घालून देते मी गिटार."

"कामून?"

"घरातल्या एका माणसाला ती आवडत न्हाई, आन् तिला मी आवडत न्हाई. कशाला ठेवायची?"

मी काहीतरी बोलले, अभ्यासाचं, सुट्टीचं. पण मेथीच्या काड्या मोडताना माझे हात थांबले होते. ही पोरगी हट्टानं रडते तेव्हा मला काही वाटत नाही. शांतपणे बोलते तेव्हा तिनं ठरवलेलं असतं. गिटार गेली असती तर आभाळ कोसळलं नसतं, खरं आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीनं पहिल्यांदा स्वतःहून जीव लावलेली वस्तू एका म्हाताऱ्याच्या गप्प बसण्यामुळे गाडीत घालून परत पाठवावी, हे मला सहन होणार नव्हतं. आणि त्या म्हाताऱ्याला विचारायची माझी हिंमत नव्हती. सासरे आहेत. वीस वर्षं एका घरात काढली तरी काही प्रश्न सुनेच्या तोंडून निघत नाहीत.

म्हणून मी आपलं गिटारलाच धरलं. सासऱ्यांना बोलतं करता येत नव्हतं, निदान हिला गप्प करता आलं तर पाहावं.

त्या पांढऱ्या पाटीत एक बारीक खाच असते आणि खाचेतून एक छोटी कळ वर आलेली असते. ती सरकवली की आवाजाची जात बदलते, कधी भरदार, कधी धारदार. आतापर्यंत मी गिटारच्या भोवतीचं सगळं तपासलं होतं, वायर, भिंत, जमीन, हवा, स्वेटर. गिटार सोडून सगळं. त्या दिवशी सईला म्हटलं, काही वाजवू नकोस, नुसती ही कळ हळूहळू सरकव. तिनं सरकवली. खर्रर्रर्र! जरा थांबली, परत सरकवली. खर्रर्रर्र! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. इतके दिवस आम्ही गावभर शोधत होतो आणि चोर माजघरात बसला होता.

तारा सैल केल्या, पाटीचे स्क्रू काढले. माझ्या मनात गंजाचा संशय होता. पाटी उचलून उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. कळीच्या पात्यांवर तांबूस, चिकट असा थर बसला होता. "गंजच," मी म्हणाले. सईनं बोट लावलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.

"मम्मी, हे कुंकू हाय."

मी हसलेच. गिटारमध्ये कुंकू कुठून येणार? मग तिनं खाचेच्या कडेला अडकलेलं काहीतरी नखानं अलगद काढलं आणि तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवात भिजवलेला, वाळून गुलाबी झालेला. अक्षत.

मला खंडेनवमी आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजायची. अप्पा आदल्या दिवशीच विळे, खुरपी, कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून बसनं भालकीला आणतात. ह्यांचे पाने-पकडी, माझी शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, सगळं पुसून ओळीनं मांडतात. हळद, कुंकू, अक्षत, फूल. लोखंडाला तेलाचं बोट. त्या वर्षी आम्ही दोघी पुण्यात होतो आणि हे बॉयलरपाशी. घरात एकटे अप्पा होते.

सई तळहात तसाच पुढं धरून बाहेर कट्ट्यावर गेली. मी दारात उभी राहिले.

"अप्पा, हे तुम्ही लावलं व्हतं का माज्या गिटारला?"

अप्पांनी दाणा पाहिला. चष्मा वर केला, परत पाहिला. "व्हय. मग?"

"गिटारला?"

"मग? समदी हत्यारं काढायची आन् तुजं तेवढं मागं ठिवायचं व्हय? घरातलं एक बी मागं ठिवायचं नसतंय."

"आन् तेल?"

"ती लोखंडाची कळ हाय न्हवं मधी. कोरडी दिसली. करडीच्या तेलाचं बोट फिरवलं." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं. चेहरा उतरला. "कामून गं? बिघडलं का काय माज्यानं?"

सईनं दाणा मुठीत मिटला. तिचं नाक लाल झालं होतं. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मी वीस वर्षांत कधी विचारला नसता. "मग मी वाजवायला बसले की तुम्ही भायेर कामून जाता? आवडत न्हाई न्हवं तुमाला?"

"कुनी सांगितलं?" अप्पा चिडलेच जरा. "तुजा त्यो पेटारा माज्या कानापाशी. आत बसलं की धडधड निस्ती. हितं बसलं की बारीक बारीक बी ऐकू यायलंय. मागं ते एक वाजवायचीस, सारखं वर वर चढायचं, ते कामून सोडलंस?"

सई मटकन त्यांच्या शेजारी बसली. हसत होती की रडत होती, मला दारातून दिसलं नाही, मला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

दुरुस्ती तशी सोपी होती. बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तो स्प्रे आणला, जो मळ काढतो आणि स्वतः उडून जातो. करडीचं तेल असं चिवट वाळतं की ज्यानं खोबणीतून काढलंय त्यालाच ठाऊक. जुन्या टूथब्रशनं घासलं, फवारलं, कळ वर-खाली वर-खाली केली, पुन्हा फवारलं. अप्पा खुर्ची ओढून बसले होते, अपराध्यासारखे, पण उत्सुकता लपत नव्हती. पाटीखाली लाकडात कोरलेली पोकळी होती, तिच्यात रंगीत वायरी मुटकुळं करून पडल्या होत्या. अप्पा वाकून पाहत राहिले.

"हाय की गं हिला पोट," ते म्हणाले.

सगळं जोडून सईनं वायर लावली आणि पेटीचं बटण दाबलं. काहीच आवाज नाही. घरात पहिल्यांदाच अशी शांतता झाली की बाहेरचा ट्रॅक्टर लांब जाताना ऐकू आला.

"बंद पडली का काय?" अप्पांनी घाबरून विचारलं.

"चालू हाय अप्पा. आता ही अशीच गप्प ऱ्हाती." आणि तिनं एक तार छेडली. नुसती एकच. तो सूर खोलीत स्वच्छ उभा राहिला आणि बराच वेळ गेला नाही. मी रोज विज्ञान शिकवते, कंप, वारंवारिता वगैरे फळ्यावर लिहिते. त्या क्षणी त्यातलं मला काही आठवलं नाही. फार बरं वाटलं, एवढंच.

वेळ अमावस्येला आम्ही सगळे खटकचिंचोळीला शेतात होतो. कडब्याची झोपडीसारखी कोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, मडक्यातलं आंबील आणि पळसाच्या पानावर भज्जी. शहरातल्या लोकांना भज्जी म्हटलं की कढई दिसते, पण आमची भज्जी म्हणजे हरभरा, तूर, वाल, पाला असं सगळं रान एका पातेल्यात शिजवलेलं. विनायक तीन वाट्या खाऊन आडवा झाला होता. तो म्हणाला, "अगं सई, फोनवर गिटार परत न्यायची म्हणत होतीस ना? कुठंय, गाडीत टाकू दे."

"कुठली गिटार?" सई म्हणाली.

अप्पा आंबील पीत होते. वाटी तोंडाला होती, तरी मला त्यांचं हसू दिसलं. मग बॅटरीवर चालणारी तिची छोटी पेटी ज्वारीच्या बांधावर ठेवून सईनं ते सारखं वर वर चढणारं वाजवलं, आणि अप्पा उठून लांब, विहिरीपर्यंत चालत गेले आणि तिथं पाठमोरे बसले. विनायक माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांना आवडत नाही वाटतं." मी म्हटलं, "तू झोप."

त्या हंगामानंतर दोन हंगाम गेले. सई आता कलबुर्गीला इंजिनिअरिंगला आहे. मी अजूनही घरात बारीकसा आवाज आला की आधी भिंती तपासते, माणसं नंतर. माणसांचंही मला आता असं वाटतं, की कुणाच्या गप्प बसण्याचा अर्थ बाहेरून लावत बसू नये. पण हे सुचायला स्क्रू काढावे लागले. अप्पांचा हात थोडा थरथरतो आता. शेताकडे रोज जात नाहीत, एक दिवसाआड जातात आणि गेले नाहीत त्या दिवशी गेलोच होतो असं सांगतात.

काल खंडेनवमी झाली. सई आदल्या संध्याकाळच्या बसनं आली, पाठीवर गिटार. सकाळी अप्पांनी ओळीनं सगळं मांडलं, विळे, खुरपी, कुऱ्हाड, मशीन, मिक्सर. शेवटी गिटार. करडीच्या तेलाची वाटी त्यांनी स्वतःच लांब सरकवून ठेवली आणि कुंकवाचं बोट घेऊन थांबले. "कुठं लावू गं?"

सईनं आधीच पाटी मोकळी करून ठेवली होती. तिनं ती उचलली आणि आतल्या पोकळीत, वायरींपासून दूर, कोऱ्या लाकडाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं लावा अप्पा."

"हितं कुनाला दिसंल?"

"कुनालाच न्हाई."

अप्पांनी थरथरता हात दुसऱ्या हातानं धरला आणि बोट आत नेऊन टेकवलं. सईनं ते वाळू दिलं, फुंकर मारली, पाटी बसवली, एकेक स्क्रू पिळला. मी नैवेद्याचं ताट घेऊन आले. शांताक्का दर्शनाला आल्या, ओळ बघत गेल्या आणि गिटारपाशी थांबल्या. विळ्याला कुंकू, मशीनला कुंकू, मिक्सरच्या झाकणालासुद्धा, आणि ती तेवढी लख्ख कोरी.

"अप्पा, हिला कामून न्हाई लावलं?"

"लावलंय की," अप्पा म्हणाले. "आतून लावलंय."

आणि काठी घेऊन ते उठले, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. सईनं वायर लावली होती.